पावणं म्हणा की!

वडापची, म्हणजे शिटा भरून भाडं मारायची जीप चालवणाऱ्या माणसानं जंगलातली लढाई बघितली, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण ऐका तर!

जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना जागेचा हक्क देणारा वनहक्काचा कायदा तेव्हा नवा होता. पन्हाळ्याच्या पलीकडं जंगलात कातकऱ्यांची वाडी. तिथल्या झोपड्या ठेवायच्या की पाडायच्या, हे ठरवायला जंगलखात्याचा साहेब निघाला. त्याची गाडी बंद पडली म्हणून चढला माझ्या जीपमध्ये. सोबत गार्ड, पाडायच्या झोपड्यांवर खुणा करायला चुन्याचा डबा घेऊन! साहेब मूळचा पेठ वडगावचा, आवाज असा की जीपचा हॉर्न लाजावा. वाटभर एकच घोष, "सगळं अतिक्रमण हाय! कालपरवा आलेली माणसं!"

वाडीत सगळे जीव मुठीत धरून उभे. साळूआजी तेवढी पुढं आली.

"या साहेब, पाणी घ्या."

माठातलं गार पाणी पोटात गेलं आणि साहेब एकदम दिलदार झाला. "साहेब कशाला आजी? पावणं म्हणा की!"

"पावणं म्हणू? नक्की?"

"व्हय की!"

मी मागनं ओरडलो, "साहेब, शब्द फिरवायचा न्हाय हां!"

"आपला शब्द म्हंजे शब्द!"

आजीनं चटई अंथरली. "बसा पावणं. आता सांगा, तुम्ही पावणं, मग घर कुणाचं?"

साहेब चटईवर टेकला. तेवढ्यात गार्डनं विचारलं, "साहेब, खुणा कुठनं सुरू करू?"

साहेब गरजला, "ठेव तो डबा खाली! पावण्यानं घरधन्याच्या भिंतीला हात लावायचा असतोय व्हय?"