डागांचं गवत

तळं ना? तळं तुमच्या पायाखाली हाय. खाली काय बघताय, फरशी हाय ती — फरशीखाली मुरूम, मुरमाखाली राडारोडा, त्याच्याखाली आमचं तळं. भिवपुरी स्टेशनापासनं चालत आलात? बसा, या कठड्यावर बसा, बंगल्यातली माणसं जेवून झोपलीत. मला वळखलंत ना? इंदूबाई. दोन वर्षांमागं तुमी कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या व्हत्या, आन मी काठावरनं म्हणाले, ही शिकलेली पोरगी गवतासाठी जीव देणार. आता मी हितंच कामाला हाय. आपल्याच तळ्यावर लादी पुसते — एवढं भाग्य कुणाला मिळतं, सांगा.

जागा इकली आमच्या जितेशनं. तळ्यात काय पिकतंय आई, म्हणाला. खरंच की, काय पिकत व्हतं? देवभात, तेच तुमचं गवत. त्याला नांगर नाय, बैल नाय, खत नाय, आपलं आपण उगवायचं आन आपलं आपण झडून जायचं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाय, म्हणून बाया मूठमूठ शिजवायच्या, बस. तेवढ्यासाठी कोण तळं ठेवतंय? सही मी पण केली. लेक पेन धरून उभा राहिला की करायलाच लागते.

तुमी सांगितलेलं सगळं ध्यानात हाय माझ्या. हसू नका, खरंच हाय. करपा येतो ना भातावर, पानाला ते डोळ्यासारखे डाग — तर दुकानातलं बी म्हणतं, मला करपा शिवणारच नाय. आन नाय शिवत, तीन-चार वर्षं. तोवर ती करप्याची बुरशी काय गप बसते? ढीगभर पोरं काढते, त्यातलं एखादं बरोबर आत शिरायची वाट शोधतं, मग एका हंगामात अख्खं शेत करपून जातं. आन देवभाताला डाग पडतात. दर वर्षाला पडतात. पण डाग तेवढाच राहतो, फार पसरत नाय, लोंबी भरते. तिथं औषध मारायला कोण जातंय? जी झाडं मरायची ती मेली, जी अर्धीमुर्धी टिकली त्यांचंच बी चिखलात पडलं, असं किती पिढ्या. थोडं दुखणं सोसून जगतं ते, असं तुमी म्हणालात. मी म्हणाले, अगं बाय, हे बघायला पाण्यात कशाला उतरलीस, माझ्या घरात यायचं.

नाय तर काय. माझी जाऊ, सुनंदा — सासूचा एक शब्द अंगाला लावून घ्यायची नाय. गावभर कौतुक तिचं. चार वर्षं सासूनं नुसतं न्याहाळलं, हिचं दुखतं कुठं ते, आन पाचव्या वर्षाला तिच्या माहेरावर अशी काय बोलली की जाऊ पोरं घेऊन खोपोलीला गेली ती गेलीच. आन मी? मला रोज चार डाग. मीठ कमी, भाकरी जाड, आईनं हेच शिकवलं का. तेवढ्यात म्हातारीचं पोट भरायचं, नवं काय शोधायची तिला गरजच पडली नाय. शेवटी माझ्याच हातची पेज पिऊन गेली. आता हे काय शास्त्र झालं, म्हणाल. नसंल.

काय म्हणता — तुमी नेलेलं बी उगवलंच नाय? कच्चं व्हतं? हां. झडायच्या आधी तोडावं तर कच्चं, थांबावं तर चिखलात. देवाचं म्हणतात ते उगीच नाय, माणसाच्या हाताला लागंल तर शपथ. आन म्हणून आता परत आलात, आन तळ्यावर बंगला. वा.

माझ्याकडं? माझ्याकडं कुठनं येणार. व्हतं मूठभर गाडग्यात, भराव पडायच्या आधीचं शेवटचं. पंचमीला शिजवलंच नाय मी, दोन केळी खाऊन उपास काढला. शिजवलं असतं म्हंजे संपलं असतं. मग — का ते इचारू नका — मोठं तळं बुजवून बंगल्याच्या बाईंनी मागच्या अंगाला शोभेचं छोटं तळं केलंय, हुशार माणसं, प्लास्टिकचा बगळा हाय त्यात. पावसाच्या तोंडाला केर काढताना ती मूठ दिली तिथल्या चिखलात टाकून. उगीच. गाडगं मोकळं करायला.

आलं. कमरेएवढं आलं. बाईंनी फोटो काढून मैत्रिणींना धाडले, आमचं फॅन्सी गवत म्हणून. पण मधल्या ढगाळीत पानांवर डाग पडले, तेच, तुमचे डोळ्यासारखे, आन बाईंना डाग चालत नाय. चादरीवर नाय, पेल्यावर नाय, गवतावर तर नायच. माळ्याला सांगितलंय, आमच्या गजाला, रोग हाय, उपटून जाळून टाक. संध्याकाळी येणार तो. मी काय बोलणार? डागासकट जगतं ओ बाई ते, हे लादी पुसणारीनं सांगायचं? दोन दिवस घडीघडीला मागं जाऊन बघून येते मी. गवतासाठी. आन तुमाला हसले व्हते मी.

रडत नाय, फिनेलचा वास हाय तो. उठा. मागच्या फाटकाची कडी काढलेली हाय, सकाळीच काढली — तुमी येणार हे मला काय ठाऊक, मीच जाणार व्हते. ही पिशवी पण त्यासाठीच आणलेली, घ्या. पिकल्यात लोंब्या, खाली धरा आन हलवा, हात लावला की झडतंय. मी भांडी घासते, वाजवून घासते, म्हंजे तळ्यातल्या पाण्याचा आवाज आत नाय जाणार. मूठभर मला ठेवा, पंचमीला. आन कुणी इचारलं तर मला वळखत नाय तुमी. जावा, जावा आता, बाई उठल्या —

आले, बाई. कुणी नाय ओ, रस्ता चुकलेली पोरगी. तळं कुठं हाय इचारत व्हती. सांगितलं तिला, हितं तळं नाय.