भोंग्याची पाटी

…आणि वर मलाच विचारतात, ‘इथे तुम्ही का थांबता?’ आता थांबतो म्हणजे काय? चौतीस वर्षं गातोय मी, थांबायला मी काय बस आहे? पण रेकॉर्डिंगच्या बाई काचेपलीकडून बोट नाचवतायत, ‘हे बघा, तुमची एक ओळ झाली की चार ठोके सामसूम. मग दुसरी ओळ, परत चार ठोके सामसूम. अकरा गाण्यांत एकशे तीस वेळा थांबलात तुम्ही… बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?’

तुम्हाला सांगतो, मी पाणी प्यायलो. दुसरं काय करणार? ते चार ठोके माझे नव्हतेच हो! ते भोंग्याचे होते.

भोंगा म्हणजे माझा जोडीदार. आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण त्याने एकदा तोंड उघडलं आणि ते नाव जे गेलं ते गेलंच. आमचा बँड म्हणजे आम्ही दोघं आणि दर दोन वर्षांनी पळून जाणारा एक ड्रमवाला. गाणी कसली, तर आजीच्या तोंडची जुनी गाणी घ्यायची आणि पायावर वीट पडल्यासारखी ओरडायची. लोक याला फोक-पंक म्हणतात. आजी जे म्हणायची ते इथे सांगता येणार नाही. तर रीत अशी, की मी ओळ म्हणायची, सवाल टाकायचा, आणि पुढच्या चार ठोक्यांत भोंग्याने जवाब हाणायचा. मी म्हणायचं, ‘सांग गड्या, पोरं आपली ऐकतील का?’ की हा ओरडणार, ‘तुझी बायको ऐकते का?’ सभागृह कोसळायचं! आणि बायको पहिल्या रांगेत! पुढचे तीन दिवस घरात भांड्यांचे आवाज… ते जाऊ द्या. मुद्दा काय, तर दर कार्यक्रमाला नवा जवाब. एकदा दिलेला पुन्हा नाही. मी म्हणायचो, ‘अरे, कालचा झकास होता, तोच घे ना.’ तर म्हणायचा, ‘मी एकदाच सांगतो. तू ऐकत जा.’

गेल्या वर्षी त्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला. सगळा. भोंग्याचा! देवाला तरी काही…? जगात इतकी माणसं नको ते बोलत हिंडतायत, त्यातलं एक सापडलं नाही?

मग आले कंपनीवाले. तिशीचा गृहस्थ, बूट असे चकचकीत की त्यात मला माझंच म्हातारपण दिसलं. म्हणतो, ‘काका, आता सोलो अल्बम करा. सोलो म्हणजे सोलो! फक्त तुम्ही, तुमची गिटार आणि तुमचं दुःख.’ माझं दुःख! म्हणजे ते मी पिशवीत घालून आणायचं आणि टेबलावर ओतायचं! पण मी हो म्हणालो. कारण घरी बसून काय करणार? भोंग्याकडे तर मी जात नव्हतो…

हो. आठ महिने गेलो नव्हतो. लपवून काय करू? रस्त्यापलीकडे घर, बाल्कनीत त्याचा वाळत घातलेला शर्ट दिसतो, आणि मी वळसा घालून दुकानात जायचो. वहिनींचा फोन यायचा, ‘भावजी, या की एकदा. पाटीवर लिहितात ते, छान चालतं.’ मी म्हणायचो, ‘येतो, येतो, जरा रेकॉर्डिंगची गडबड आहे.’ कसली गडबड! भीती वाटायची हो. मी सवाल टाकणार, आणि पुढे चार ठोके काहीच येणार नाही, तर मी कुठे बघू?

तर बाईंनी काय केलं, कॉम्प्युटरवर ते चार-चार ठोके कापून टाकले. म्हणाल्या, ‘आता ऐका, कसं सलग झालंय.’ ऐकलं. तुम्हाला सांगतो, मागे कुत्रं लागल्यासारखा गातोय मी! ओळीवर ओळ, ओळीवर ओळ… मला खुर्चीत बसल्या बसल्या ऐकूनच धाप लागली. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला, चौतीस वर्षांनी, की तो ओरडायचा तेव्हा मी श्वास घ्यायचो. मला वाटायचं माझा दम दांडगा आहे. दम कसला? अर्धा गायचो मी!

‘लावा परत ते ठोके,’ म्हटलं. आणि ठरलं, की मोकळ्या जागेत पाहुणे घ्यायचे. अल्बमवर आणि कार्यक्रमातही. म्हणजे बघा, सोलो म्हणजे सोलो, आणि पाहुणे चौदा!

त्यात बारा जणांचा एक वृंद, सगळे निवृत्त शिक्षक. मी तावातावाने विचारतोय, ‘सांग गड्या, कुणी नेलं आपलं गाव?’ आणि हे बारा जण, हातात वही, चष्मे नाकावर, गोड सुरात, ‘ठाऊक नाही, ठाऊक नाऽऽही.’ अहो, पंक आहे हे! जरा चिडा! तर त्यातल्या मोठ्या बाई म्हणतात, ‘चिडण्याने प्रश्न सुटत नाहीत.’ त्यानंतर एक तरणाबांड ट्रम्पेटवाला. तो एकदा फुंकायला लागला की चार ठोक्यांचे चाळीस करायचा, मी आपला गिटार धरून पाहुण्यासारखा उभा. आणि एक मुलगी, डोक्यावर हेडफोन, समोर बटणांचं यंत्र. ती माझ्या प्रत्येक सवालानंतर एक बटण दाबायची… ‘टुंग!’ मी म्हटलं, ‘बाळ, याचा अर्थ काय?’ म्हणाली, ‘काका, हा एकटेपणा आहे.’ एकटेपणा टुंग करतो? मला तर कधी केला नाही! पण गुणी हो पोरगी, माझ्यासाठी खुर्ची आणायची न सांगता.

मग आला कार्यक्रम. रविवार, दुपारी चार, शाळेच्या सभागृहासारखं लहानसं सभागृह, माणसं दोनशे. बाहेर फलक, त्यावर माझा एकट्याचा फोटो. सोलो म्हणजे सोलो! मी स्टेजवर आलो, दिवे डोळ्यांत, पहिली ओळ म्हटली, ‘सांग गड्या, आलास का रे घरून जेवून?’… आणि शिक्षक वही उघडायच्या आत लोक हसले.

मी खाली वाकून बघितलं. म्हटलं पँटची चेन…? नाही. मग दिसलं, पहिल्या रांगेत कुणीतरी उभं आहे. हातात पांढरी पाटी, आधी मला दाखवतो, मग गर्रकन मागे वळून लोकांना. आणि ती उभं राहण्याची ढब, एक खांदा खाली… भोंगा! शेजारी वहिनी.

पाटीवर काय लिहिलं होतं म्हणता? मला काय माहीत! माझा चष्मा आत, मेकअपच्या टेबलावर! स्टेजवर मी कधी चष्मा घालत नाही, कारण या भोंग्यानेच एकदा सांगितलं होतं की चष्म्यात तू पोस्टमास्तर दिसतोस!

मी दुसरी ओळ म्हटली. त्याने बाहीने पाटी पुसली, खरडलं, वर केली. हशा! तिसरी ओळ… हशा, टाळ्या! शिक्षकांनी वह्या मिटल्या, ट्रम्पेटवाला खाली बसला. चार ठोक्यांत, अगदी चार ठोक्यांत हो, लिहून मोकळा! मी सवाल टाकतोय, जवाब येतोय, लोक लोळतायत, आणि सगळ्या सभागृहात एकट्याला कळत नाहीये तो मी. पण श्वास? मिळत होता. छाती भरून मिळत होता.

मग शेवटचं गाणं. ते मी त्या आठ महिन्यांत लिहिलेलं, त्याला एकच ओळ आहे. ‘सांग गड्या, मी आलो नाही, रागावलास का रे?’

म्हटलं. एक, दोन, तीन, चार. त्याने पाटी वर केली. आणि कुणी हसलं नाही.

कुणीच नाही. तो वळला, लोकांना दाखवली. मागे कुणीतरी नाक ओढलं. मी डोळे बारीक केले, मोठे केले, स्टेजच्या कडेपर्यंत गेलो. नुसती पांढरी चकाकी आणि त्यात काहीतरी काळं, दोन-तीन शब्द असतील… आणि त्याने बाहीने पुसून टाकलं.

मी गिटार तशीच टाकून खाली उतरलो. म्हटलं, ‘काय लिहिलंस?’ तो हसला. वाळलाय हो फार. हात धरला मी त्याचा, म्हटलं, ‘भोंग्या, चष्मा नव्हता रे, सांग ना काय लिहिलंस!’ त्याने सावकाश पाटी घेतली, लिहिलं, माझ्या नाकासमोर धरली. ते दिसलं. ‘मी एकदाच सांगतो.’

वहिनींना विचारलं. म्हणाल्या, ‘भावजी, मी डोळे मिटून बसले होते. यांचा आवाज आठवत होते.’ बटणवाल्या मुलीला विचारलं, ती बटणं बघत होती. शिक्षकांचे चष्मे जवळचे. ट्रम्पेटवाला मान खाली घालून ट्रम्पेट पुसत होता, आणि लोकांकडे वळलो तोवर सभागृह रिकामं. एकाने मोबाईलवर सगळं काढलंय, पण पाटीवर नेमका दिवा… टुंग!

आता रोज जातो मी त्याच्याकडे. वळसा न घालता. चष्मा दोरी लावून गळ्यातच अडकवलाय, अंघोळीलासुद्धा काढत नाही. पाटीवर तो काय काय लिहितो, सगळं वाचतो, शिव्यासुद्धा. पण ते लिहीत नाही. मीही विचारून विचारून थकलो.

म्हणून गावोगाव हा कार्यक्रम घेऊन हिंडतोय. अल्बमबिल्बम सगळं निमित्त हो. आज तुमच्यापुढे उभा राहिलोय तोही त्यासाठीच… तुमच्यापैकी कुणी होतं का त्या दिवशी? रविवार, दुपारी चार. मागच्या रांगेत असलात तरी चालेल. दोन-तीनच शब्द होते…

नाही?

असू दे. सोलो म्हणजे सोलो!