कोपरा कापलेली प्लेट

...नाही, मुळात त्या प्लेटचा एक कोपरा कापलेलाच असतो हो! कशाला? माझ्यासारख्या गाढवानं ती मशीनमध्ये उलट्या दिशेनं घालू नये म्हणून! आणि तुम्हाला सांगतो, मी घातली. उलटी! पंधरा वर्षं प्रयोगशाळेत घासून!

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? अहो, माझ्या आईला मधुमेह. इन्सुलिन बिचारं पेशींचं दार ठोठावतंय, आणि पेशी कानात बोळे घालून बसल्यात. मग तिला एक गोळी दिली. ती गोळी पेशीच्या आत शिरते, पार केंद्रकात, तिथे एक रिसेप्टर असतो, त्याच्या खोबणीत जाऊन बसते, की तो लागला जनुकांना हाका मारायला, 'ए, उठा, इन्सुलिन आलंय, ऐका जरा!' साखर उतरते. झकास! पण तोच रिसेप्टर मूत्रपिंडातही असतो ना... तिथेही आरडाओरडा! अंगात पाणी साठतं. दुसऱ्या गोळ्या तिला मानवत नाहीत. साखर उतरली, आणि आईचे पाय? सुजलेलेच!

म्हटलं, आपण असा रेणू करू, जो खोबणीत बसेल, पण अंग चोरून. कामापुरती हाक, बोंबाबोंब नाही. दोन वर्षं, दोनशे अकरा रेणू! कॉम्प्युटरवर सगळे कसे ऐसपैस बसतात, जावयासारखे! पेशीत घातले की ढिम्म. रिसेप्टर जागा झाला की प्लेटच्या खळग्यांतल्या पेशी चमकतात आणि मशीन ती चमक मोजतं, अशी सोय केलेली असते. आमचे साहेब रोज दारातून मुंडी घालणार, 'काय, चमकलं का?' नाही चमकलं, साहेब! आणि आईचे पाय? सुजलेलेच!

आणि सोमवारी चमकलं! पहिल्या कोपऱ्यात माझा दोनशे बारावा, नुसता झगझगाट! आता मला हवा होता मंद उजेड. मंद! पण आनंदात माणूस अक्कल गहाण टाकतो. लगेच फोन, 'आई, जमलं!' ती म्हणाली, 'मग माझ्या रुंद चपला शेजारणीला देऊन टाकू?' अहो, औषध अजून उंदरालासुद्धा दिलं नव्हतं, माणसापर्यंत यायला वर्षानुवर्षं जातात... आणि मी म्हटलं, 'दे!'

बुधवारी मशीनवाल्या बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. 'हा कापलेला कोपरा इकडे कसा हो?' झालं! प्लेट उलटी, म्हणजे शेवटच्या कोपऱ्यात तुलनेसाठी ठेवलेलं औषध पहिल्या कोपऱ्यात! ते कुठलं? आईचीच जुनी गोळी! झगझगाट तिचा. माझं बाळ पलीकडच्या टोकाला, अंधारात.

घरी गेलो. आई अनवाणी, पाय स्टुलावर. सगळं सांगितलं. लाज वाटली हो, तोंड वर करवेना. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'म्हणजे माझी गोळी चांगली चालते, एवढंच ना?'

'हो, आई.'

'ते मला ठाऊक होतं. जा, चपला मागून आण.'

गेलो. तोंड वेंगाडून मागितल्या. शेजारीण म्हणते, 'छे हो, परत कशा देऊ? डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी मलाही तीच गोळी सुरू केलीय, पायात जातात त्या एवढ्याच!'

म्हणजे बघा... दोन वर्षं राबलो, दोनशे बारा रेणू केले, आणि सुजलेले पाय? होते दोन, झाले चार!