खरी जन्मतारीख

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच छायाताई, व्यासपीठावरचे मान्यवर, शाळेचा शिक्षकवर्ग, समोर बसलेल्या माता-भगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांना निरोप देताना जीभ जड होते आहे त्या साधना मॅडम, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी गोरक्ष. द्राक्षबागायतदार माणूस, भाषणाची सवय नाही. मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडमनी सहा वर्षं नाशिकच्या गंगापूर रोडहून एसटीनं येऊन, फाट्यापासून चालत येऊन आपल्या मुलामुलींना संगणक शिकवला, हे सगळ्यांनीच सांगितलं. मी माझ्या घरचं सांगतो.

चार वर्षांपूर्वी माझी निकिता सोळा वर्षांची होती. दहावी झालेली. दिंडोरीकडचं स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा देखणा. त्यांनी व्हॉट्सॲपवर बायोडाटा मागितला. मी निकितालाच म्हणालो, "तू क्लासला जातेस ना, तूच टाइप कर. जन्मसाल फक्त दोन वर्षं मागचं टाक." कायदा मला माहीत नव्हता का? होता. पण सगळे करतात, मग आपल्यालाच कोण धरणार, असं वाटायचं.

तिनं बायोडाटा सुबक केला. जन्मतारीख मात्र खरी टाकली आणि मला न दाखवता पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांचा फोन आला. "पाहुणे, तुमची पोरगी सोळाची हाय. आमचा पोरगा पोलीस भरतीला बसलाय. उद्या केस झाली तर त्यानं काय करायचं? आम्हाला नाय जमणार."

मी तणतणत क्लासवर गेलो. दहा-बारा मुलींसमोर मॅडमना नको ते बोललो. "आमच्या पोरी बिघडवायला येता का इथं?" असं म्हणालो. मॅडम उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी तिला टाइप कसं करायचं ते शिकवलं. काय करायचं, ते तिनं ठरवलं." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "दुसरं स्थळ आणलंत तर १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन मी करीन. तुमच्या पाठीमागे करणार नाही, म्हणून आजच सांगते."

घरी येऊन मी निकिताचा क्लास बंद केला. ती त्या रात्री जेवलीही नाही.

त्या दिवशी बोलली ती तिची आई. रूपाली माझ्यापुढे आजवर कधी मोठ्यानं बोललेली नाही, तेव्हाही हळूच बोलली. "मी या घरात आले तेव्हा पंधराची होते. पहिलं बाळ गेलं तेव्हा सोळाची. डॉक्टर म्हणाले होते, आईचंच अंग अजून भरलं नाही. तुम्ही विसरलात. मी नाय विसरले."

मंडळी, हे मी चारचौघांत कधी बोललो नव्हतो. आज सकाळी तिला विचारलं, सांगू का? ती म्हणाली, सांगा.

दुसऱ्या दिवशी मीच निकिताला मोटरसायकलवर क्लासला सोडलं. आत जायची मात्र हिंमत झाली नाही, बाहेरूनच परत फिरलो. पुढं बारावीनंतर डिप्लोमाचा ऑनलाइन अर्ज तिचा तिनं भरला. कागद स्कॅन करताना मी शेजारी नुसता बसून होतो. आज ती वीस वर्षांची आहे, नाशिकला शेवटच्या वर्षाला आहे. लग्न? करेल की. पण तिला वाटेल तेव्हा.

मॅडम आता पेठला नवा क्लास सुरू करायला चालल्या आहेत. आपला क्लास बंद पडणार का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही पडणार. दर रविवारी निकिता येऊन शिकवणार आहे. नावं नोंदवलेल्या चौदा मुलींमध्ये माझ्या पुतणीचंही नाव आहे, आणि ते नोंदवायला माझा भाऊ स्वतः आला होता.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं सांभाळून घ्यावं. एक मात्र सभेकडे मागण्यासारखं नाही. मॅडम, त्या दिवशी मुलींसमोर मी जे बोललो, त्याची माफी आज इथं आलेल्या त्याच मुलींसमोर मागतो. चार वर्षं उशीर झाला.