काळकुसळीची बाटली

— न्हाई, न्हाई, अर्ज कशाला? मी काय नोकरी मागाया आलोय का, प्रोफेसर? बगा, मास्तर म्हनत न्हाई, तुमाला आवडत न्हाई म्हनं. मी हैबतराव, रिह्याचा — वळाकलं न्हाई? दोन वर्सांमागं तुमच्या ह्या संग्रहाच्या खोलीचं उद्घाटन झालं तवा पुढच्या खुर्चीत बसलो न्हवतो का मी, पाव्हन्याच्या डाव्या हाताला? व्हय, तोच. आज फेटा न्हाई बांधला म्हनून मानसाचं तोंड बदलतं व्हय? माजी एक बाटली हाय तुमच्याकडं, भाताचं बी हाय त्यात, काळकुसळीचं. त्यातलं मूठभर द्या, मी जातो. मिरग तोंडावर आलाय, रोपं टाकायला राब भाजून तयार हाय, आन् कारभारीन भाईर वऱ्हांड्यात बसलीया, बी बांधून न्यायला धुतलेलं फडकं घिऊन. साळूबाई नाव तिचं. आत बोलवू? नगं. तिला नगाच बोलवू.

लावत ऱ्हावा कपाटाला चाव्या, मला घाई न्हाई — म्हंजी हाय, पन कुलपावर राग काढून काय उपेग. तवर बगतो तुमचा संग्रह. मागल्या येळंला गर्दीत काय दिसलंच न्हाई, आन् खरं सांगू, मी कॅमेऱ्याकडं बगत व्हतो. ही काय, बॅट? 'पहिल्या तुकडीची क्रीडासामग्री' — मोडलेली. बरं केलंत, धड आसती तर पोरं खेळाया घिऊन गेली आसती. आन् हे काचंत — वसतिगृहाच्या जेवनाचा कागद. सोमवारी आमटीभात, मंगळवारी भातआमटी. खानारी पोरं इसरून गेली आसतील, तुमी काच लावून ठिवलंय. आन् वर टांगलंय ते मंगळ्याचं न्हवं? मंगळ्या कातकरी, वड्याला मासं धरतो, त्याची कामट्यांची टोपली. उलटी टांगलीया, प्रोफेसर. आशी टांगल्यावर मासा आत जाईल कसा? ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, हितं कुटं मासं येत्यात. कागदी फुलं बरी बसल्यात तिच्यात.

ह्या वह्या पोरांच्या व्हय, संशोधनाच्या? त्यातली एक आमच्या घरावर हाय, ठावं हाय मला. ते तुमचं चष्म्याचं पोरगं, पुन्याचं — पंधरवडाभर आमच्या ओसरीवर मुक्कामाला व्हतं. सकाळी उटलं की इचारायला बसायचं. कोंबडा किती येळा आरवतो, घोंगडी किती वर्सं टिकती, सासूचं आन् सुनंचं पटतं का. साळूची सासू म्हंजी माजी आई, ती कवाच वारली, पटतंय की. एकदा साळूला म्हनलं, 'मावशी, आपल्या जीवनातील आनंदाचे प्रसंग कोणते?' ती म्हनली, 'बाबा, तू आदी उट, तुज्या बुडाखाली माजं सूप हाय.' झालं. आन् त्यानं वहीत काय लिवलं ठावं हाय? 'येथील स्त्रिया मितभाषी आहेत.' मितभाषी म्हंजी कमी बोलनारी न्हवं का? आमची साळू? ती बोलाया लागली की वड्याला ऐकू जायचं — जायचं म्हनतो, आता न्हाई जात. आता खरंच मितभाषी झालीया. दिवाळीपासनं माज्याशी शबूद न्हाई. म्हशीशी बोलती. 'म्हशे, तुज्या धन्याला सांग, भाकरी झाकून ठिवलीया.' म्हस काय सांगनार? ती रवंथ करती. मला आपलं दोघींच्या मदी बसून ऐकावं लागतं.

कशावरनं म्हंजी? ह्या बाटलीवरनंच की. तुमाला काळकुसळी म्हंजी काय ते तरी ठावं हाय का? साळूच्या आईनं लग्नात तिच्या ओटीत घातलेलं बी हाय ते, ताम्हिनीचं. तितला पाऊस आसा की छत्री धरलेला मानूस छत्रीसकट जातो. त्या पावसात उभं ऱ्हानारं भात — वरनं काळंभोर, टोकाला हे एवढं लांब कुसळ, गळ्यापत्तोर पान्यात बुडालं तरी मान वर. आमचं वड्याकाठचं खाचर हाय ना, तितं दुसरं कायबी टिकत न्हाई. साळू दरसाल तितं तेच लावायची, तेच राखायची, मडक्यात राख घालून, आन् मडक्याला कुनाला हात लावू द्यायची न्हाई. मी म्हनायचो, ह्या कुसळाच्या भाताला बाजारात कुत्रं इचारत न्हाई. खोटं न्हवतं ते. बाजारात न्हवतंच इचारत.

मग आली जपानी पद्दत. दोरी धरून लावनी, सरळ रांगा, पोत्यातलं खत, सरकारी बी. मी तालुक्यात पैला. पैला म्हंजी — बक्षीस दुसरं मिळालं, पन ज्याला पैलं मिळालं त्याच्या मेव्हन्याचं हापिसात वजन व्हतं, ते जाऊ द्या. मग जीपगाडी यायची मला न्यायला. वर कर्णा बांधलेला. रिहं, मुळशी, पार ताम्हिनीपत्तोर. मी उभा ऱ्हायचो आन् सांगायचो, 'जुनं बी म्हंजी जुनं दुखनं, काढून टाका.' टाळ्या पडायच्या. साळूचा सख्खा भाऊ ताम्हिनीला पुढंच बसला व्हता, त्यानं घरी जाऊन काळकुसळीच्या बियाची कनगी उलटी केली माज्या शब्दावर. शब्दाला वजन व्हतं हो तवा. म्हनून तर आता तितंबी दाना न्हाई. गेलो व्हतो मी, लाज सोडून. घरोघर इचारलं. मेव्हना म्हनला, 'दाजी, तुमीच टाकाया लावलं, आता तुमीच हुडका.' वर चा पाजला. शिव्या दिल्या आसत्या तर बरं वाटलं आसतं.

आन् त्याच साली तुमची ही खोली निघाली. तुमीच आला व्हता ना आमच्याकडं, त्या पोराला घिऊन? जुन्या बियांचा नमुना पायजे, पोराच्या अभ्यासाला व्हईल, संग्रहात कायमचा ऱ्हाईल, दात्याचं नाव लागंल. नाव लागंल म्हनल्यावर मी काय — कोनबी दिलं आसतं, प्रोफेसर. साळू भावाकडं गेली व्हती. मी मडकं उचललं. वंजळभर तुमच्या पोराला दिलं आन् बाकीचं कांडून घेतलं पाव्हन्यांच्या पंगतीला. काय वास सुटला व्हता त्या भाताला. तुमीबी दोनदा घेतलात, मी बगत व्हतो. सगळं बी खाऊन टाकलं आपन, ताक घालून.

ती माघारी आली, मडक्यात हात घातला, राख लागली हाताला. हात पुसला आन् चुलीकडं गेली. मला वाटलं, पचलं. पैल्या साली पाऊस बेताचा, निभावलं. गेल्या साली वड्याला पूर आला. माजं जपानी रांगेत उभं व्हतं ते रांगेतच झोपलं, एक काडी वर न्हाई. दोरी लावून झोपवल्यागत. लोक बांधावर यिऊन बगून जायचे, ज्यास्नी मी कर्ण्यावरनं सांगितलं व्हतं तेच लोक. आन् दिवाळीला ती म्हशीला म्हनली, 'म्हशे, माज्या आईचं बी माघारी आल्याबिगर मी लावनीला चिखलात पाय घालायची न्हाई.' म्हनली म्हशीला, पन माज्या काळजात गेलं ते. रानाचं मला काय न्हाई, प्रोफेसर. एक खाचर पडीक ऱ्हाईलं तर हैबतराव मरत न्हाई. पन ह्या बाईनं एवढ्या जन्मात माज्याकडं लुगडंसुद्दा मागितलं न्हाई, आन् तिचं म्हनून जे एक मडकं घरात व्हतं तेच मी उचलून आनलं. लई लाज वाटती. काल मी म्हनलं, 'म्हशे, तुज्या धनिनीला सांग, उद्या कॉलेजात जाऊन बी आनूया.' तर आज पहाटं फडकं धुऊन दारात उभी. वाटंत बोलली न्हाई, पन बराबरीनं चालली. कायम चार पावलं मागं ऱ्हाती, आज बराबरीनं.

लागली? ही चावी लागली म्हना. तीच, तीच बाटली, खालच्या फळीवरली. जुनं झालं आसंल म्हनता? अर्दं मेलं आसंल, ठावं हाय. पाच दानं जरी रुजलं तरी आमाला बास. औंदा मूठ, फुडल्या साली सूपभर, तिसऱ्या साली खाचर. बगू. काय झ्याक चिठ्ठी हाय — 'दाते : श्रीमान हैबतराव कोंडिबा, प्रगतिशील बागायतदार, रिहे, तालुका मुळशी.' बागायतदार म्हंजी परसात दोन पपया हायेत. ही चिठ्ठी मीच मोठी करून घेतली तुमच्याकडनं. तुमी बोटभर लावनार व्हता, मी म्हनलं, लांबनं वाचता आली पायजे, फोटूत आली पायजे. मग तुमी अख्ख्या बाटलीला गुंडाळलीत. आतलं कायबी दिसत न्हाई म्हनता? तवा आतलं बगायचं कुनाला व्हतं? पत्र्याचं झाकान घट बसलंय. थांबा, मी काढतो. हात करा पुढं. न्हाई, माज्याच हातावर घेतो —

हे काय?

प्रोफेसर, ही बाटली माजी न्हवं. नाव माजंच हाय, व्हय, दिसतंय मला. पन हे तांदूळ हायेत. पांढरे. काळकुसळी काळी आसती, आत्ताच सांगितलं न्हवं, काळी आन् कुसळाची. साफ केलं? कुनी साफ केलं? त्या चष्म्याच्या पोरानं. दान्याची लांबी मोजताना कुसळं टोचायची, म्हनून गिरनीवरनं सोलून आनलं आन् मग भरलं. बरं. तुमीच सांगितलं व्हतं, स्वच्छ करून ठिव म्हनून. बरं, बरं. स्वच्छ हाय. लई स्वच्छ हाय, एक खडा न्हाई. पन प्रोफेसर, तांदूळ पेरून भात उगवल्यालं तुमी कदी बगितलंय का? मी काय चेष्टा न्हाई करत. इचारतोय. ह्यातनं आता कायबी उगवनार न्हाई. शिजंल फकस्त.

आन् उद्घाटनाच्या दिवशी मी हीच बाटली हातात धरून फोटू काढला. चिठ्ठी लोकांकडं केली व्हती. आतलं तवाबी हेच व्हतं.

न्हाई, तुमाला काय बोलू मी. बोललो आसतो, चांगलं चार शबूद बोललो आसतो, येताना वाटंत जुळवलंबी व्हतं कायकाय. ऱ्हाऊ द्या. हे घ्या तुमचं, एक दाना खाली सांडला न्हाई. लावा झाकान. चिठ्ठी आसू द्या, खरवडाया गेलात तर काच जायची. मी बसतो हितं जरा.

भाईर काकनं वाजली का? उटली वाटतं ती. कंटाळली आसंल. तुमीच जाऊन सांगता का, प्रोफेसर? तुमी शिकल्यालं मानूस, तुमाला काय बोलायची न्हाई. न्हाई, बोलंल, तुमाला बोलंल. मला बोलायची न्हाई, कदीच — हळू. ह्या खोलीला मागनं दार हाय का?