पायाळू कौशल्या

अमरावतीच्या स्टँडवर वलगावच्या बससाठी माझ्यापुढे दोघी जावा उभ्या होत्या. मोर्शीतल्या माझ्या लहानपणीचा एक शब्द कानावर आला, म्हणून मी जवळ सरकले.

"कौशल्या, तू पायाळू, पायाकडून जलमलेली. साऱ्या गावाच्या कमरेची चमक लाथ मारून काढली, अन् तुयीच कमर अडली. तुले कोन लाथ मारंन?"

"डॉक्टरनं मारली, जाऊबाई. तोंडानं!"

"काय म्हनला?"

"दुखे पाय, पन नस दबली होती कमरेत. जलमभर भाजीचे टोपले वाकून उचलले ना! व्यायाम करून करून सुटली म्हने आता."

"अन् आपरेशन?"

"नाही लागत."

"बस आली. थांब, मांगच्या खेपेसारखी उचलून चढवतो तुले."

"हात नोका लावू!"

कौशल्या एकटीच चढली आणि दारातून ओरडली,

"गावात सांगून द्या, जाऊबाई, मायी लाथ परत आली!"