नोंद संपल्यानंतरची दहा मिनिटं

जबाब

नाव व राहण्याचा पत्ता: जबाब देणारीच्या सांगण्यावरून वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात बंद केला आहे.
वय: ५४ वर्षे
धंदा: नोकरी, कौटुंबिक सल्ला केंद्रात लेखनिक
वार व वेळ: गुरुवार, सकाळी १०.४० पासून

मी वर लिहिलेली बाई स्वतःच्या पायांनी ठाण्यात येऊन सांगते की, आमच्या केंद्राच्या संचालकांनी काल माझ्याविरुद्ध संस्थेचं रेकॉर्ड नष्ट केल्याची तक्रार दिली आहे. त्यावर माझं म्हणणं असं की हो, केलं. मीच केलं, पूर्ण शुद्धीत केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. का केलं ते पुढे सांगते.

हवालदारांनी सुरुवातीला स्वतःचा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवला होता. मी म्हटलं, तो आधी उचला. ते हसले आणि त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. मी म्हटलं, ड्रॉवरमध्ये नाही, खोलीबाहेर. तो बाहेर नेऊन दिल्यावरच मी तोंड उघडलं. हेही लिहा असं मीच सांगितलं. शिवाय मी बोलते तसंच लिहा, माझे शब्द गुळगुळीत करू नका, असंही सांगितलं. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं लिहीत आले आहे. कुठला शब्द कुठे मऊ करतात ते मला चांगलं कळतं.

आमच्या केंद्रात नवरा-बायकोच्या भांडणात सल्ला देतात. माणसं तीनच. संचालक, त्यांना आम्ही सर म्हणतो, समुपदेशक मॅडम आणि मी. ज्या बाईला नवऱ्यासमोर बसायची भीती वाटते तिची बैठक व्हिडिओवर होते. नवरा त्याच्या मोबाइलवर, ती तिच्या मोबाइलवर, आम्ही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर.

आमच्याकडे एक नियम आहे. तो कुठल्या फायलीत नाही, माझ्या आधीच्या लेखनिक बाईंनी घालून दिला. बैठक संपली की आधी तो जातो, ती थांबते. तो गेला की मी मोठ्यानं म्हणते, "नोंद संपली," आणि पेनाला टोपण लावते. त्यानंतर दहा मिनिटं ती बाई मोकळेपणी बोलते. कुठे राहते आहे, कोणी मागावर आहे का, पोरं जेवतात का, खर्चाला काही आहे का. ते लिहायचं नाही. मॅडम ते डोक्यात ठेवतात. बावीस वर्षांत त्या दहा मिनिटांतला एक शब्द माझ्या वहीत गेलेला नाही. वह्या हव्या तर जप्त करा आणि बघा.

दोन महिन्यांपूर्वी सरांनी बैठकीचं बोलणं आपोआप लिहून काढणारं एआयचं सॉफ्टवेअर आणलं. बैठक सुरू व्हायच्या आधीच ते पडद्यावर एका चौकटीत येऊन बसायचं. मॅडमनी त्याचं नाव "जावई" ठेवलं, कारण न बोलावता सगळ्यांच्या आधी हजर आणि उठायचं नाव नाही. मी सरांना विचारलं, हे लिहिलेलं जातं कुठे, वाचतं कोण? सर म्हणाले, "अहो बाई, तुमचं मनगट दुखतं म्हणून तर आणलंय. आणि ते एकदम सेफ आहे. कंपनीनं तसं लिहिलंय." मी म्हटलं, कंपनी लिहीलच, दूधवाला कधी म्हणतो का की दुधात पाणी आहे? मग मी हाच प्रश्न त्यांना तीनदा लेखी विचारला. तिन्ही चिठ्ठ्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तराची प्रत जोडलेली नाही, कारण उत्तर आलंच नाही.

येणाऱ्या बायकांना सर विचारायचे, "बैठकीची नोंद होईल, चालेल ना?" त्या बिचाऱ्या हो म्हणायच्या. नोंद तर पहिल्यापासून होत होती. नोंद म्हणजे कोपऱ्यात बसलेली मी, एवढंच त्यांना माहीत. याला संमती म्हणतात असं सरांनी तक्रारीत लिहिलं आहे. याला डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात.

माझीही चूक आहे, ती लपवत नाही. तिसऱ्या चिठ्ठीनंतर मी रुसले. प्रत्येक बैठकीनंतर जावयानं लिहिलेली नोंद मेलवर यायची, ती मी उघडायचीसुद्धा नाही. माझी वही भली आणि मी भली, असा ताठा. मॅडम फक्त वरचा सारांश वाचायच्या. शेवटपर्यंत कोणी गेलंच नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता एका जोडप्याची बैठक होती. त्यातल्या बाईला मी ताई म्हणते, नाव लिहू नये. ती एका पॅकिंगच्या कारखान्यात काम करते आणि तासाभराची सुट्टी घेऊन तिथल्याच जेवणाच्या खोलीतून बैठकीला बसली होती. चार महिन्यांपूर्वी नवऱ्यानं तिचा हात दारात चेंगरला म्हणून ती सात वर्षांच्या मुलीला घेऊन घर सोडून निघाली. अकरा पन्नासला नवरा बैठकीतून गेला. मी म्हटलं, "नोंद संपली." टोपण लावलं. जावयाची चौकट पडद्यावर तशीच होती, ती मी या डोळ्यांनी पाहिली. मला वाटलं, संपली म्हटल्यावर त्याचंही संपलं. बावीस वर्षं मी असं म्हटलं की खोलीतला प्रत्येक जण थांबतो. ते थांबलं नाही. आता यावर हसायचं असेल तर हसा.

त्या दहा मिनिटांत ताई बोलली. ती मावशीकडे राहते, ती जागा कुठे, मुलगी नव्या शाळेत जाते, साडेतीनला मावशी तिला मागच्या गेटवरून आणते, हे सगळं. मग ती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? आता दाराची बेल वाजली तरी पोरगी पलंगाखाली जात नाही. परवा स्वतः जाऊन तिनं दार उघडलं." चार महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

दुपारी दोन चाळीसला मी वहीवरून नोंद उतरवत होते. नवऱ्यानं पुढच्या भेटीची सांगितलेली तारीख माझ्याच अक्षरात मला लागेना. म्हणून दोन महिन्यांत पहिल्यांदा जावयाची मेल उघडली. खाली गेले. शेवटी ठळक अक्षरांत "पुढील कामे" असं लिहून त्याखाली होतं: मुलीला शाळेतून आणणे, साडेतीन, मागचे गेट. त्याखाली मावशीचा पत्ता, अगदी मजल्यासकट. त्याखाली, "मुलीच्या प्रगतीबद्दल अभिनंदन!" मेल बारा वाजून चार मिनिटांनी गेली होती. कोणाकोणाला गेली ते वर लिहिलं होतं. सर, मॅडम, मी, ताई आणि ताईचा नवरा. बैठकीचं निमंत्रण ज्याला ज्याला गेलं त्या सगळ्यांना नोंद पाठवायची, असं सरांनी पहिल्याच दिवशी लावून ठेवलं होतं.

ताईला फोन लावला. कारखान्यात कामावर असताना मोबाइल कपाटात ठेवावे लागतात, त्यामुळे उचलला नाही. मावशीला लावला, तो बंद होता. शाळेत लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मुलीच्या कोण? पालकांशिवाय आम्ही कोणाशी बोलत नाही." एरवी मी त्यांची पाठ थोपटली असती. मी तशीच निघाले, चप्पल पायात होती की नव्हती ते आठवत नाही, आणि टॅक्सीनं तीन पंचवीसला मागच्या गेटवर पोचले.

नवरा तिथे होता. हातात मोबाइल, त्यात ती मेल उघडलेली. मावशी अजून आली नव्हती. मुलगी गेटच्या आतल्या पायरीवर दप्तर घेऊन उभी होती आणि त्याला बघून तिची लघवी झालेली होती. हवालदार म्हणाले, हे लिहायलाच हवं का? मी म्हटलं, हेच लिहायला हवं.

मी त्याला म्हटलं, मुलीला हात लावायचा नाही. बैठकीची वेळ कळवायला फोन मीच करते, त्यानं माझा आवाज ओळखला. म्हणाला, "अहो, तुम्हीच तर कळवलंत. हे बघा, तुमच्याच ऑफिसचं पत्र. साडेतीन, मागचं गेट." आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर नाचवला. त्यात खोटं काहीच नव्हतं. गेटवरच्या पहारेकरी बाई शहाण्या. त्यांनी एका शब्दानं न विचारता मुलीला आत ओढलं आणि कडी घातली. त्यानं गेटवर दोन लाथा मारल्या आणि निघून गेला. तिथून तो मावशीच्या घरी गेला. मावशींना त्या दिवशी उशीर झाला होता, त्या शाळेत यायला दाराला कुलूप लावत होत्या. त्यानं त्यांना ढकललं, त्यांचा खुबा मोडला. शेजाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर तो पळाला. आज गुरुवार, तो अजून तुम्हाला सापडलेला नाही.

मी सव्वापाचला ऑफिसात परत आले. सरांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता काढा. सर म्हणाले, "आधी शांत व्हा. उद्या कंपनीशी बोलू. असं एकदम काढलं तर सगळा डेटा जाईल, वार्षिक अहवाल त्यातूनच बनवायचाय." मी म्हटलं, एक म्हातारी बाई दवाखान्यात पडली आहे. सर म्हणाले, "ते वाईटच झालं, पण सेटिंगमध्ये एक छोटीशी चूक होती." छोटीशी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्यांना खुर्चीवरून उठा म्हटलं. ते उठले. का उठले ते त्यांनाच विचारा.

सरांना पासवर्ड लक्षात राहत नाही, तो त्यांच्या ड्रॉवरला आतून चिकटवलेला आहे, माझ्याच अक्षरात. आत सत्तेचाळीस बैठका होत्या. त्यातल्या एकोणतीस जोडप्यांच्या, आणि त्या प्रत्येकीच्या शेवटी दहा मिनिटं. एकूण एकोणतीस नवऱ्यांना मेल गेली होती. आधी त्या एकोणतीस बायकांचे नंबर मी कागदावर उतरवून घेतले. ताईची मेल छापून घेतली, ती पुरावा म्हणून सोबत देते. त्यातला पत्ता मी काळ्या शाईनं खोडला आहे. मग सगळं काढून टाकलं. त्या यंत्रानं मला तीनदा विचारलं, "नक्की काढायचं?" मी तीनदा हो म्हटलं. इतक्या वेळा त्यानं ताईला विचारलं असतं तर!

काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी आणि मॅडमनी उरलेल्या अठ्ठावीस जणींना फोन केले. प्रत्येकीला सांगितलं की तुम्ही विश्वासानं जे बोललात ते आम्ही तुमच्या नवऱ्याला कळवलं. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या, एकीनं नुसता फोन ठेवला. अठ्ठावीस जणींच्या नवऱ्यांनी ती मेल वाचली नाही की वाचून गप्प बसलेत, ते मला माहीत नाही. माझी झोप त्यावरच उडाली आहे, सरांच्या तक्रारीवर नाही.

विचारल्यावरून सांगते की, काढलेला मजकूर कंपनीकडे तीस दिवस राहतो आणि तो परत मिळवून द्यावा असं सरांनी तक्रारीत म्हटलं आहे. माझं म्हणणं, तो मिळवायचा असेल तर कायमचा पुसण्यासाठी मिळवा. नाहीतर त्या बायकांची दहा दहा मिनिटं पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर येतील, आणि या वेळी "सेटिंग" कोणाचं चुकेल?

विचारल्यावरून पुढे सांगते की, ताई आणि मुलगी मंगळवारीच दुसरीकडे गेल्या. मी काल रात्री त्यांना भेटले. बेल वाजवली तर मुलगी पलंगाखाली गेली. मी बाहेरून ओरडून सांगितलं की मी आहे, तरी ती आली नाही. ताईनं चहाचा कप पुढे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्या कुठे आहेत ते मला माहीत आहे. हवालदार म्हणाले की तिथे पहारा लावायचा तर पत्ता लागेल. बरोबर आहे, लागेल. मी विचारलं, या जबाबाची नक्कल कोणाकोणाला मिळते? ते म्हणाले, खटला उभा राहिला की आरोपीलाही, म्हणजे ताईच्या नवऱ्यालाही मिळते. मी म्हटलं, मग तो पत्ता या कागदावर येणार नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग लिहिलेल्या कागदाकडे.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. एके ठिकाणी "डोक्यात तिडीक गेली" याऐवजी "वाईट वाटले" असं लिहिलं होतं, ते माझ्या सांगण्यावरून बदललं. बाकी मी बोलले तेच यात आहे, कमी नाही, जास्त नाही.

(जबाब देणारीची सही)

लिहून घेणाऱ्याचा शेरा: सही झाल्यानंतर जबाब देणारीने ताई व मुलीचा पत्ता तोंडी सांगण्याची तयारी दाखवली. मी पेनाला टोपण लावले. वेळ दुपारी १२.२०. नोंद संपली.